माळाकडचा दरवाजा

५ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या स्टेशनच्या दुरुस्तीचे नकाशे माझ्याच टेबलावर आलेत. कोण्या शहाण्याने इमारतीचं तोंड माळाकडे केलं? सगळं गाव पाठीमागून ये-जा करतं. साहेब म्हणतात, माळाकडचा दरवाजा पाडून भिंत घाला. पण परवा मोजमापाला आले, तर त्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. माळावर ना घर, ना दार. मग झिजवल्या कोणी? चहावाल्याला विचारलं, तो नुसता किटली घासत राहिला. महिनाअखेर मला मत द्यायचंय. तुम्ही जन्मभर तिथले सांधेवाले, तुम्हाला ठाऊक असणार.

मामींना नमस्कार.
तुमची टिकली

११ जानेवारी

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद.

गावात येऊन मामाच्या दारावरून परस्पर गेलीस. मामी तुझे कान उपटणार आहे, मी मध्ये पडणार नाही. रुळांचे सांधे बदलण्यात जन्म गेला, आता माझेच कुरकुरतात. बाकी ठीक.

गाव माळाकडे वाढेल, असा कुणाचा तरी अंदाज होता. तो फसला, पण पायऱ्या फुकट गेल्या नाहीत. ज्याला गुपचूप निघायचं, तो तिकडून निघतो. ज्याला मान खाली घालून परतायचं, तोही तिकडूनच येतो. आणि तिकडून आल्या-गेल्याला गाव बघत नाही, ही इथली रीत. तुझी आई सासर सोडून, तुला कडेवर घेऊन आली ती तिथूनच. सकाळी नळावर बायका तिला एवढंच म्हणाल्या, “बादली पुढे घे, पाणी जाईल.”

दुकान बुडाल्यावर आमचा थोरलाही तिथूनच गेला. मामी अजून त्याची खोली झाडते. यायचा झाला तरी तो गावाच्या बाजूने यायचा नाही, बापावर गेलाय. भिंत घातलीस तर तो येणार कुठून? बाकी तू जाणती आहेस.

तुझा मामा

२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दरवाजा राहिला! साहेबांना पटेना, तेव्हा त्यांना त्या पायऱ्यांवरच नेऊन उभं केलं. शेवटी म्हणाले, ठेवायचा तर थाटात ठेवू. आता तिथे मोठा दिवा लागेल, वर ठळक पाटी येईल. दादाला वाट चुकायलाच नको.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.
टिकली

८ फेब्रुवारी

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचायला लावलं. मोठं काम केलंस. साहेबांनाही माझा नमस्कार सांग. फक्त तो दिवा आणि पाटी तेवढी रद्द करून घे. तिकडून येणाऱ्याला वाट ठाऊक असते, पोरी. आपल्याला कोणी बघणार नाही, एवढीच खात्री त्याला हवी असते.

लोभ असाच राहू दे.
मामा