लाल टोपी, खांद्यावर झाड

१० डिसेंबर

लागला एकदाचा टीव्हीवर! आपल्या गावात काढलेला सिनेमा म्हणून सगळं गाव घरात बसून बघत होतं. शहरातून आलेली, सारखी रुसणारी मुलगी. नाताळची झाडं विकणारा मुलगा—गरीब, पण दात फारच पांढरे. गैरसमज, घंटा, चुंबन, वरून बर्फ. बर्फ कसला—कागदाचा लगदा आणि फेस! जुलैच्या उन्हात लोकरी कोट घालून आम्ही गर्दी म्हणून त्यातून फिरत होतो. माझ्या पुढचा एक माणूस चक्कर येऊन पडला होता. ते नाही दाखवलं.

आई शेवटपर्यंत बसली. नोव्हेंबरात माझा भाऊ कॅलम गेला, तेव्हापासून ती पहिल्यांदाच सोफ्यावर बसलेली दिसली. बाबा मात्र सिनेमा सुरू होताच बर्फ काढायची गाडी घेऊन निघून गेले. बाहेर एक कणही पडत नव्हता.

११ डिसेंबर

शाळेच्या पत्रकासाठी मिस ब्रँट मागे लागल्यात. "एडी, तू होतीस ना त्यात? मग तूच लिही. बघावा की बघू नये. थोडक्यात."

थोडक्यात: बघू नये.

१२ डिसेंबर

आईने तो रेकॉर्ड करून ठेवलाय. आज दोनदा लावला. पुलाचं दृश्य आलं की पुढे सरकून बसते. लाल टोपीतला एकजण खांद्यावर झाड घेऊन पाठमोरा पूल ओलांडतो, मागून एक पांढरा कुत्रा. पुढे ती दोघं भांडत असतात, पण त्यांच्याकडे कोण बघतंय!

शेजारच्या मेरियन काकू आल्या होत्या. "तो बघा आपला कॅलम! अगदी त्याचीच चाल!" आणि जाताना आईचा हात धरून, "शेवट फार गोड आहे हो." शेवट गोड! आमच्या घरात येऊन! त्यांनीच आणलेलं पुडिंग त्यांच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं.

आई मात्र हसली. मी बघितलं.

१३ डिसेंबर

तो कॅलम नाही. मी आहे.

पहिल्या दिवशी तोच चालला होता. दुसऱ्या दिवशी तेच दृश्य पुन्हा घ्यायचं ठरलं, तर हा पठ्ठ्या तळ्यावर पळाला. "एडे, एवढं चाल ना माझ्याऐवजी. पाठच तर दिसणार! आणि घरी सांगू नकोस, बाबा सोलून काढतील." मग त्याचा कोट, त्याचे बूट, टोपीत कोंबलेले माझे केस. कोणाला पत्ताही लागला नाही. कुत्रा दुसऱ्या दिवशीच आणला होता, त्यामुळे सिनेमात आहे ती मीच, शंकाच नाही.

आता आईला सांगू कशी? त्या पाठीसाठी ती अंथरुणातून उठते. काल अख्खं सूप संपवलं तिने. सांगितलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहील. मला ते दुसऱ्यांदा बघायचं नाही. भीती वाटते.

१७ डिसेंबर

कॅलम गेला त्या सकाळी त्या निसरड्या रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकायचं काम बाबांचं होतं. बाबा अजून पोचले नव्हते, कॅलमची गाडी आधी पोचली. आईने त्यांना कधी एका शब्दाने विचारलं नाही. तेच त्यांना सोसत नाही बहुतेक.

आज जेवताना एकदम ओरडले, "किती वेळा तोच तो भिकार सिनेमा!"

आई शांतपणे, "हॅमिश, तू पण बस ना एकदा."

ताट तसंच टाकून उठले.

२० डिसेंबर

परीक्षण पुन्हा फाडलं. सिनेमा रद्दी आहे! मग लिहिता का येत नाही?

२३ डिसेंबर

मेरियन काकूंनी पुलाच्या दृश्याचा फोटो मोठा करून आणला. या वर्षात गेलेल्यांसाठी उद्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावतात, तिथे ठेवायला. मेलेल्यांच्या रांगेत माझी पाठ! सांगायला मी तोंड उघडलंही होतं, खरंच.

आईने फोटो हातात घेतला. "छान आलाय. पण हा नको. त्याचा शाळेतला ठेवू." काकूंचं तोंड एवढंसं झालं.

सुटले, असं वाटलं. मग वाटलं—पण हा का नको?

२५ डिसेंबर

आईने तो फोटो चौकटीत घालून माझ्या टेबलावर ठेवला. "त्याचे बूट मोठे होत होते ना गं तुला? पाय ओढत होतीस."

मी ओरडलेच, कधी कळलं तुला?

"तेव्हाच. तो घरी आला तर केस ओले, आणि तू घामाने निथळत होतीस."

मग रोज रोज कशाला बघतेस, त्यात तो नाहीच तर!

"तू पुलावरून जात असतेस ना, तेव्हा तो तळ्यात पोहत असतो."

बाबा दारात उभे होते, बाहेर जायचा कोट अंगात. तसेच आत आले आणि सोफ्यावर बसले.

"लाव," म्हणाले.