सहा किलो चारशे

३ फेब्रुवारी

आधी माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद करतो, मग नोकरीची. ज्या इमारतीत भिंतभर दोनशे खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीला पाठीवरची एकेक सॅक लटकते आहे, तिथे माझ्या डब्याच्या पिशवीला एकही खुंटी मोकळी नाही. पिशवी दिवसभर मांडीवर घेऊन बसलो. प्रमुखबाईंकडे रीतसर तक्रार केली. या बाई दर तासाला कशाचं ना कशाचं वजन करतात, म्हणून त्यांच्यामागे सगळे त्यांना वजनबाई म्हणतात. त्या म्हणाल्या, एखादी सॅक निकालात निघाली की तिची खुंटी तुमची.

बाकी दिवस झकास. तीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून पोट भरलं, आता पाठीच्या जिवावर भरायचं. सैन्याला नवी सॅक निवडून द्यायची आहे, डोंगर चढणाऱ्यांनाही तीच विकायची आहे, त्यासाठी ती घालून चालणारा माणूस हवा होता. मला वाटलं अनुभव विचारतील. त्यांनी पाठीला टेप लावली आणि तुमची पाठ अगदी सरासरी आहे असं समाधानाने सांगितलं. पंचावन्न वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं.

५ फेब्रुवारी

काम असं: रिकामी सॅक ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग वाळूच्या पिशव्या भरून वीस किलोवर. तासभर ट्रेडमिलवर चालायचं, मग मागच्या टेकडीवर. टेकडीला चार वळणं, वर एक बाक. खाली आलं की खांदे कुठे लाल झालेत ते वजनबाई लिहून घेतात. चांगली सॅक कमरेवर बसते, वाईट खांद्यांवर. कोपऱ्यात एक यंत्र दिवसभर चेन उघडतं आणि लावतं, दहा हजार वेळा, कुरकुर न करता. त्याच्याकडून मला शिकण्यासारखं बरंच आहे.

लोकांनी वापरून परत पाठवलेल्या सॅक टाकेमामांकडे जातात. टाकेमामा म्हणजे शिवणविभागातले म्हातारे. सॅक आधी काट्यावर, मग काही दिवस खुंटीवर, शेवटी पात्याने सगळी शिवण उसवून काय कुठे झिजलं ते मामा बघतात.

सात नंबरच्या खुंटीवरच्या सॅकला कागदच नाही. कुठून आली कोणाला ठाऊक नाही. जुनं मॉडेल, शेवाळी रंग.

माझ्या पोरीकडे हेच मॉडेल होतं. सैन्यात नर्स होती, सुट्टीवर आली होती, आम्ही दोघं डोंगरात गेलो होतो. मार्चमध्ये तिला जाऊन वर्ष होईल. तिला दरीतून वर काढलं. सॅक सापडली नाही.

९ फेब्रुवारी

जुन्याशी तुलना हवी म्हणून वजनबाईंनी काल सात नंबरची मलाच दिली. वीस किलो भरलं, चालून आलो, पुन्हा काट्यावर ठेवली. वीस किलो आठशे. वजनबाईंनी मलाच झापलं: वाळू ओलावा पिते, एवढंही कळत नाही का, भट्टीत वाळवून घ्या. वाळवली. एकवीस दोनशे.

आणखी एक. काल मी दोन्ही पट्टे सारखे केले होते. आज डावा चार बोटं ढिला होता. पोरीचा डावा खांदा जरा उतरता होता. आठव्या वर्षी सायकलवरून पडून हाड मोडलं होतं तिचं. सायकल मी शिकवत होतो. धरलंय म्हणालो होतो, धरलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

वाळू काढून लोखंडी चकत्या भरल्या. लोखंड काही पीत नाही. तेवीस एकशे.

कमरेचा पट्टा आता मला पुरत नाही. कोणीतरी आवळलाय, बारीक कमरेला बसेल एवढा. टाकेमामांना दाखवला. ते हसून म्हणाले, नायलॉनला आपला माणूस आठवतो हो. मग माझं तोंड बघून त्यांचं हसू गेलं आणि त्यांनी चहा मागवला.

१४ फेब्रुवारी

बायकोचा फोन. ती सध्या तिच्या बहिणीकडे असते. नेहमीचंच विचारलं, पोर दमली होती का हो. मीही नेहमीचंच सांगितलं. सामान निम्मं निम्मं होतं, मजेत चालली होती.

फोन ठेवून सॅक काट्यावर ठेवली. पंचवीस.

१६ फेब्रुवारी

निम्मं नव्हतं.

माझ्या वाटणीचं सामान तंबू, स्टोव्ह, पातेलं, जादा दोर. निघताना घरच्या काट्यावर मीच तोललं होतं, सहा किलो चारशे. गुडघा दुखतो म्हणून मी ते तिच्या सॅकमध्ये घातलं. गुडघा दुखत नव्हता. प्रत्येक वळणावर म्हणत होतो, पुढच्या वळणावर मी घेतो. ती म्हणाली, बाबा, तुझं पुढचं वळण फार लांब असतं. मी हसलो. ते कुठेतरी छापायचंही ठरवलं.

अकरा वळणं. बाराव्यावर ती डावा पट्टा ओढायला वाकली. पाठीवरचं वजन बाहेरच्या बाजूला झुकलं. मी मागे होतो. हात रिकामे होते माझे.

१७ फेब्रुवारी

सव्वीस चारशे. आज थांबलं. दोनदा बघितलं.

चकत्या सगळ्या काढल्या. सॅक रिकामी. काटा सहा चारशेवर. पाठीला टेकणारी बाजू ओली — घामाने — आणि गरम. दिवसभर कोणी घातली नव्हती.

वजनबाईंनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, उद्या उसवा.

१८ फेब्रुवारी

टाकेमामांनी पातं आणलं. सॅकवर हात ठेवला. पातं परत पेटीत. म्हणाले, चाळीस वर्षं उसवतोय, पण गरम पाठीवर पातं चालवणार नाही.

डावा पट्टा माझ्यासमोर सरकला. कोणी ओढल्यासारखा. थोडा — मग आणखी थोडा —

१९ फेब्रुवारी, सकाळ

बायकोला फोन केला. सांगितलं. सगळं. काट्यावरच्या आकड्यासकट.

ती एवढंच म्हणाली, आता तरी घ्या.

सॅक उतरवली. खुंटी मोकळी झाली. डब्याची पिशवी तिथे अडकवली.

१९ फेब्रुवारी, टेकडी

पट्टे हलवले नाहीत. तिचेच ठेवले. कमरेचा आज मला पुरला. खांद्यांना लागतंय — लागू दे.

दुसरं वळण. पुढे कोणीतरी चालतंय. पाठ मोकळी. हात हलवत.

पाचवं. या टेकडीला चारच आहेत.

आठवं. दम — ती थांबते, वळत नाही, मी आलो की निघते —

अकरावं. खाली इमारत दिसत नाही. डावीकडे दरी. तीच. इथे क्षणभर बसून लिहितोय. ती उभी आहे.

बारावं समोर. म्हटलं, तू आतून चाल. बाहेरच्या बाजूने मी —