सुळ्यामागची फट

जळगाव,
२४ एप्रिल २०२५

प्रिय मंतशा,

सलाम. मराठीत लिहितोय, कारण तुझ्या उशाशी बसलेल्या धुळ्याच्या खालाला, मावशीला, उर्दूच वाचता येतं. तुझा मोबाइल अब्बांकडे, म्हणून हे तुझ्या मैत्रिणीच्या, खुशनुमाच्या हाती देतोय. सलाइन निघालं का? चक्कर थांबली का? इकडं ऊन वाईट आहे. आमच्या दातांच्या दवाखान्याचा कूलर बंद पडला, मी त्याला लाथ घातली, तेव्हापासून डॉक्टर मॅडम माझ्याशी बोलत नाहीत.

आता तरी रोजे सोडलेस ना? रमजान संपला, ईदनंतरचे सहा रोजेही झाले, तरी तू दिवसभर पाण्याला शिवत नव्हतीस. घरचे समजले, पोरगी दीनदार झाली, धर्माला लागली.

कारण मला माहीत होतं. मालेगाववाले म्हणालेत, दात सरळ झाले की निकाह. आणि त्या दिवशी तुझ्या दातांची तार बदलताना मॅडम फोनवर गेल्या, तेवढ्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, थुंकी असली की दाताला चिकटवलेल्या ब्रॅकेटमधून तार सरकते, तोंड कोरडं पडलं की अडते, मग दात हलत नाहीत. तू हसलीही नाहीस. सुळ्यामागची फट भरली नाही तर तारीख निघणार नाही, एवढंच तू धरलंस आणि पाणी सोडलंस.

ऐक. डेंटल कॉलेजात सिनियर लोकांच्या प्रयोगात मी ब्रॅकेटमधून तारा ओढल्यात, आधी कोरड्या, मग थुंकी लावून. कधी ओली सहज यायची, कधी ओलीच जास्त अडायची. फरक एवढासा, की त्यावरून भांडणं व्हायची. तशाच एका भांडणात मी एकाची कॉलर धरली आणि कॉलेज सुटून घरी बसलो. तुला अर्धंच सांगितलं. तू माझ्याकडं बघत होतीस म्हणून.

काल हबीबचाचांशी, तुझ्या अब्बांशी भांडायला गादीच्या दुकानात गेलो. हबीबचाचांनी कापूस पिंजायचं मशीन बंद केलं, मला माठातलं पाणी दिलं. म्हणाले, "कॉलेज झेपलं नाही, आणि माझ्या पोरीची वकिली करायला आलास? तिनं एकदा तरी नको म्हटलंय?"

पाणी पिऊन परत आलो.

आता जे दोनदा लिहून खोडलं ते. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हाच फट भरलेली होती. मी तुला आरसा दिला नाही. त्यानंतरही तू कोरडीच राहिलीस, आणि मी तोंड उघडलं नाही. सोमवारी मॅडम तारा काढणार आहेत. मालेगावला निरोप गेलाय.

निकाहच्या दिवशी दोन गवाह घेऊन विचारायला येतील. पोरगी गप्प बसली तर आपल्यात ते हो धरतात. त्याआधी अब्बांशी बोल. माझ्यासाठी नको बोलूस. मलाही नको म्हटलंस तर चालेल. चालणार नाही, पण ते माझं मी बघेन.

आधी पाणी पी.

तुझ्या 'नको'ची वाट बघणारा,
उजैर