निळ्या हाताचा खुलासा

कोपर, मंगळवार

चि. सौ. कमळेस मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे आणि नाथारावांचा खोकला आता ताळ्यावर आले असतील. मी बरी आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. दोन ओळी लिहिल्या की दम लागतो, पण मन खूश आहे. माझ्या आजाराला शेवटी नाव मिळालं (लांबलचक आहे, रवींद्रला पाठ आहे).

पुतण्याच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण आलेली, तेव्हा मी हट्टाने धाकट्या मापाच्या बांगड्या मागितल्या (मापाचा गर्व बाईला चितेपर्यंत सुटत नाही). तिने दाबून दाबून चढवल्या आणि दुसऱ्या दिवशी हात दंडापर्यंत जांभळासारखा. माझी सून कल्पिता बिचारी तेल घेऊन चोळायला बसली, मी ओरडले, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दारात आलेलं, ते चहा न घेताच माघारी फिरलं. चोळून डाग अजून पसरला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेना, तेव्हा लेकाने, रवींद्रने, ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे माझं रक्त चांगल्या माणसाच्या रक्तात मिसळून बघितलं, तर तेही वेळेवर गोठेना. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, रक्त गोठवणारी जी वस्तू अंगात असते, तिच्यावर तुमचंच अंग उठलंय. मी म्हटलं, घरातलंच माणूस घरावर उठतं, त्यात नवीन काय. हा आजार लाखांत एखाद्यालाच होतो म्हणे. शिकाऊ डॉक्टर रांगेने माझा हात बघून गेले, एवढं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं. आता गोळ्या चालू आहेत. पडायचं नाही, मनाने दुखण्याची गोळी घ्यायची नाही, नाहीतर आतल्या आत रक्त जाऊन माणूस जातो. कल्पिता मला मोरीपर्यंतसुद्धा हात धरून नेते.

आणि तुमच्या मोहन्यात बोललं जातं, ती सासूला मारते. तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रीतीचं, तुमच्या आळीतल्या विकीशी जमत आलेलं. त्याची आई आता म्हणते, थोरली अशी, तर धाकटी कशी असेल, नकोच. प्रीती जेवत नाही. कल्पिता रडत नाही, नुसती कामं उपसते. मी ज्याला त्याला सांगून थकले गं. लोक हात बघतात, ऐकत नाहीत.

तुझी,
आवडाआक्का

ता. क. आमच्या घरून चहा न घेता गेलेलं माणूस आजवर एकच, आणि तिचं नाव पाकिटावर घातलंय.

आणखी ता. क. कल्पिताने पत्र वाचलं. म्हणते, "आई, असं लिहू नका, मावशींना तुमचा कळवळा आला म्हणून बोलल्या त्या." म्हणून वरचं खोडणार होते, पण हात दुखतो. तू एवढंच कर, विकीच्या आईकडे जा आणि माझं चुकलं म्हण. लाज वाटेल थोडी. पण लाजेचा वळ उठत नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय मी.