जुन्या डब्यावर नवं कार्ड

दि. ४ मार्च

चि. गट्टूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुझी बायको तुला गोळ्या वेळेवर घ्यायला लावते हे वाचून तिच्याबद्दलचा माझा आदर दुणावला. आम्ही ठीक. फोन करत जाऊ नकोस, मला त्यातलं काही कळत नाही. छापखान्यात तीस वर्षं बाइंडिंगच्या यंत्राशेजारी बसून कानांनी राजीनामाच दिलाय. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून यांच्या तोंडून शब्द नाही, आठ महिने झाले. एक बोलत नाही, एक ऐकत नाही. भांडणं पार बंद पडलीत, त्यामुळे घर सुनं सुनं वाटतं.

तर काम असं. यांच्या ऑफिसातली ती चुणचुणीत मुलगी येऊन गेली. वाचनालयाच्या इमारतीचा यांनी अर्धवट सोडलेला नकाशा तिने कॉम्प्युटरवर घालून दिला. कागदावर लिहून दाखवलं, काकांशिवाय तो जिना कुणाला सुटत नाही. तेव्हापासून हे आपणहून खुर्चीत बसायला मागतात आणि डाव्या हाताने माउस धरतात. पण इमारत पडद्यावर फिरवायला गेलं की कॉम्प्युटर अडून बसतो. मग हे चिडून पलंगाकडे बोट दाखवतात, आणि एकदा पलंगावर गेले की दिवस संपला. मला त्यांना परत तिथे जाऊ द्यायचं नाही रे.

मुलीने ऑफिसातून काढलेलं एक ग्राफिक्स कार्ड दिलंय, ते घातलं की इमारत न अडता फिरते म्हणे. बसवायलाही तीच येईल. खोक्यावर लिहिलंय, साडेचारशे वॉटचा पॉवर सप्लाय हवा. आपल्या कॉम्प्युटरमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावरही साडेचारशेच लिहिलंय. तो बारा वर्षांचा आहे, एवढंच. चालेल ना? हो म्हण.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही म्हणतो. नको, नको आणि नको. दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात माझा जन्म चाललाय, म्हणून थोडं ऐक. डब्यावरचा साडेचारशेचा आकडा म्हणजे सगळ्या तारांची मिळून बेरीज. कार्ड मात्र आपली बहुतेक वीज एकट्या पिवळ्या तारांतून, म्हणजे बारा व्होल्टवरून ओढतं. जुन्या डब्यांत त्या बाजूला अनेकदा निम्मीसुद्धा ताकद नसते. शिवाय आतले वीज साठवणारे कपॅसिटर बारा वर्षांत वाळून गेलेले असणार. असा डबा गरम होईल, वास मारेल, कदाचित पेटेलसुद्धा. आणि तो भावोजींच्या पायाशी असेल, ज्यांना उठून दारापर्यंत जाता येत नाही. डबा उघडूनही बघू नकोस. वायर काढली तरी आत झटका देण्याइतकी वीज राहते.

पगार झाला की नवा घेऊन येतो, तोवर धीर धर. अगदीच राहवलं नाही तर पाच मिनिटं चालव आणि कान देऊन ऐक. बारीक शिट्टीसारखा आवाज आला की लगेच भिंतीवरचं बटण बंद कर.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.
तुझा गट्टू


दि. १६ मार्च

चि. गट्टूस,
अ. उ. आ.

कान देऊन ऐक म्हणे! कोणता देऊ?

पण दोष तुझा नाही. तू पानभर 'नको' लिहिलंस आणि 'राहवलं नाही तर' एकदाच. मी तेवढंच वाचलं. रविवारी मुलगी कार्ड बसवून गेली. आम्ही चालू केलं, आणि काय सांगू, इमारत अशी गरगर फिरली! यांनी जिना खालून पाहिला, वरून पाहिला. मग डाव्या हाताने टेबल बडवायला लागले. तोंड उघडं, डोळे मोठे. मला वाटलं, हसतायत. मीही टाळ्या वाजवल्या. ते आणखी जोरात बडवायला लागले, मीही आणखी जोरात टाळ्या.

मग जळका वास आला. मी बटण बंद केलं तेव्हा यांचा चेहरा घामाने भिजला होता. डब्याच्या जाळीतून धुराची एक रेघ निघाली आणि विरली. कुणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून आहेत. माझ्याकडे बघतही नाहीत. कार्ड परत करून टाकते. माझीच हौस नडली.

आता तूही रागावू नकोस, एक रागावलेला पुरे.
ताई


दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चूक माझीच. तुझे कान गेलेत हे मला अजून खरंच वाटत नाही. लहानपणी मी अनवाणी, मागच्या दाराने आलो तरी तू आतूनच ओळखायचीस. मी त्याच ताईला लिहीत होतो.

कार्ड परत करू नकोस, ते बहुधा शाबूत असेल. पगाराची वाट न बघता नवा पॉवर सप्लाय मी घेतलाय, शनिवारी घेऊन येतो. आणि ताई, भावोजी हसत नव्हते गं. तुला न ऐकू येणारी ती शिट्टी त्यांना ऐकू येत होती. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, घाबरलेत. तुला काही झालं असतं तर आपल्याला उठताही आलं नसतं, हे त्यांच्या मनातून जात नसेल.

शनिवारपर्यंत त्या बटणाला हात लावलास तर बोलणार नाही.
गट्टू


दि. २५ मार्च

चि. गट्टूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात असतानाच शेजारच्या शिक्षिकाबाई आल्या. माझ्याशी बोलायचं तर त्या पाटीवर लिहितात. त्यांनी लिहिलं, गेल्याच्या आधीच्या रविवारी तुमच्याकडे कोण पाहुणे होते? मी म्हटलं, कुणी नाही. तर लिहितात, भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज आला, चांगला मोठा, दोनदा. 'अगं, बंद कर!'

गट्टू, आठ महिन्यांनी यांनी मला हाक मारली, आणि मी टाळ्या वाजवत होते.

त्या गेल्यावर मी पलंगापाशी बसले. यांना म्हटलं, मला कळलं सगळं, पुन्हा म्हणा. आधी मानच हलवेनात. मग मी यांच्या गळ्यावर तळहात ठेवला. ओठ कितीतरी वेळ नुसते हलले. आणि मग हाताखाली काहीतरी थरथरलं. 'अगं' होतं. ओठांवरून ओळखलं मी. मी रडले, आणि हेही. आज सकाळी स्वतःहून खुर्चीकडे बोट दाखवलंय.

शनिवारी नक्की ये. तो डबा दारातच ठेव, कार्डाचं मागाहून बघू. आधी यांच्याजवळ बस, कान देऊन ऐक, आणि मला कागदावर लिहून दे, यांचा आवाज पूर्वीसारखाच आहे का.

वाट पाहते.
तुझी ताई