खाल्ल्या गेलेल्या ताटाचे गुण मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव (परीक्षा),
भीमातीर विद्यापीठ, दौंड, जि. पुणे.

अर्जदार : कु. सोनम मल्हारी कोळपे, रा. मांडवगण फराटा, ता. शिरूर.
बी.एस्सी. (अन्न व पोषण), अंतिम वर्ष.

विषय : प्रात्यक्षिक परीक्षेतील ताट परीक्षकांच्या आधी पाहुण्यांनी संपवल्यामुळे लागलेला 'गैरहजर' हा शेरा काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे त्यावरील उत्तर, त्यास उत्तर म्हणावयाचे झाल्यास.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्याशी संलग्न महाविद्यालयात अन्न व पोषण हा विषय शिकली. मेंढरं राखणाऱ्यांची नात कॉलेजात जाऊन शिकते काय, तर स्वयंपाक, अशी भावकीने तिची यथेच्छ टिंगल केली. तिने ती मुकाट ऐकून घेतली, कारण तिला आहारतज्ज्ञ व्हायचे होते आणि टिंगल करणाऱ्यांना पोटॅशियम कशाशी खातात हे ठाऊक नव्हते.

२. एप्रिलमधील संकष्टीच्या दिवशी 'उपचारात्मक आहार' या विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. अर्जदाराच्या वाट्याला डायलिसिसवरील रुग्णाचे ताट आले. तिने पोटॅशियम उतरावे म्हणून दुधी चिरून भिजत घातला, उकळून त्याचे पाणी फेकले, भात व चपाती वजन करून घेतली, आणि पनीर अशा रुग्णास सोसत नसल्याने अंड्याच्या नुसत्या पांढऱ्याची भुर्जी केली. मीठ नावापुरते. मग ताट झाकून ती वाट पाहत उभी राहिली. बाह्य परीक्षक कोरेगाव भीमाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, त्यात त्यांचा दोष नाही.

३. परीक्षक आल्या नाहीत, संस्थेचे मा. अध्यक्ष आनंदराव मात्र आले. प्रयोगशाळेतील नव्या मायक्रोवेव्हचे उद्घाटन त्यांच्या हस्ते होते व त्यासाठी जीपभर कार्यकर्ते लागले होते. फीत कापून झाल्यावर प्राचार्य म्हणाले, "पोरींनो, बघत काय उभ्या राहिलात? पाहुण्यांना वाढा." ही परीक्षा आहे, असे अर्जदाराने सांगून पाहिले. "परीक्षा काय पळून चालली व्हय?" असे एका कार्यकर्त्याने विचारले व सगळे हसले. "आज संकष्टी हाय, नुसती चव बघतो," असे म्हणून मा. अध्यक्षांनी चव बघण्यास प्रारंभ केला, तो ताट लख्ख होईपर्यंत चालू राहिला. भुर्जीबद्दल त्यांनी "पनीर झकास जमलंय, फकस्त मीठ कमी हाय" असा अभिप्राय दिला आणि कँटीनमधून ठेचा मागवला. डायलिसिसच्या ताटात ठेचा! अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. पण जेवणाऱ्याला ताटावरून उठवण्याची रीत तिच्या घरात नाही, म्हणून तिने ताट काढून घेतले नाही.

४. बाकीच्या मुलींनी रंग ओळखून पातेल्यात थोडे मागे ठेवले होते. अर्जदारास ते शक्य नव्हते. रुग्णाचे ताट एका माणसापुरते मोजून करावे, पाहुण्यारावळ्यांसाठी वाढीव शिजवू नये, असे आपल्याच अभ्यासक्रमात आहे आणि ते पाळणारी ती एकटीच निघाली. परीक्षक पोहोचल्या तेव्हा तिची भांडी घासून पालथी घातलेली होती. त्यांनी 'पदार्थ सादर नाही' असे लिहिले. तो शेरा आपल्या कार्यालयात पोहोचेपर्यंत 'विद्यार्थिनी गैरहजर' असा झाला.

५. पहिल्या अर्जावर आपले कार्यालय कळवते की, सदर पदार्थाचा नमुना सादर केल्यास फेरविचार होईल. महोदय, अन्न पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे अर्जदारास पहिल्याच वर्षी शिकवले आहे. त्या अवस्थेतील नमुना कार्यालयास चालणार असेल, तर तो ज्यांनी खाल्ले त्यांच्याकडे मागावा.

६. त्यानंतर आपल्या लिपिकांनी खाणाऱ्यांचे दाखले आणावयास सांगितले. अर्जदार मा. अध्यक्षांच्या बंगल्यावर गेली. तिला आत घेतले नाही. त्यांच्या गाडीत कायम पुढे बसणारे पोपटराव फाटकाशी येऊन म्हणाले, "सायबांनी खाल्लंच न्हाई. त्यांचा उपास व्हता. मंग आम्ही तरी कसं खाल्लं आसंल?" अर्जदार वळून निघाली, तर तेच पोपटराव मागून हाक मारून म्हणाले, "सायेब म्हणत्यात, पोरीच्या हाताला चव हाय. गेस्ट हाऊसला स्वयंपाकाला येती का इचार. पगाराचं बघू."

म्हणजे ते जेवण गुण देण्यापुरते झालेच नव्हते, पण स्वयंपाकीण नेमण्याइतके चविष्ट मात्र होते. अर्जदारास याचा मनस्वी संताप आला आहे, आणि तो सविनय कसा लिहावा हे तिला कोणी शिकवलेले नाही. गेस्ट हाऊसची जागा तिला नको.

७. दौंड येथील एका डायलिसिस केंद्राने अर्जदारास आहारतज्ज्ञ म्हणून घेण्याचे कबूल केले आहे. महिनाअखेरपर्यंत निकाल दाखवला नाही तर ती जागा दुसऱ्यास जाईल. तेथील रुग्ण अळणी जेवतात, आणि जेवलो नाही असे नंतर सांगत नाहीत.

तरी 'गैरहजर' हा शेरा रद्द करून महिनाअखेरीच्या आत फेरपरीक्षा घ्यावी व निकाल लावावा. अर्जदार तेच ताट पुन्हा करील, एकाच माणसापुरते. परीक्षक समोर बसेपर्यंत प्रयोगशाळेस आतून कडी लावण्याची परवानगी मात्र लेखी असावी.

आपली, परीक्षेच्या दिवशी हजर असलेली,
सोनम मल्हारी कोळपे
मांडवगण फराटा, दि. ९ जून २०२५

सोबत : गुणपत्रिकेची प्रत, पहिल्या अर्जाची पोच, डायलिसिस केंद्राचे पत्र.

प्रत माहितीस्तव (निकाल न लागल्यास महिनाअखेरीस रवाना होईल) :
श्रीमती साखरबाई, मा. अध्यक्षांच्या मातोश्री, मु. पो. केंदूर. त्या चंद्र पाहिल्याशिवाय संकष्टी सोडत नाहीत व घराच्या उंबऱ्याआत अंडे येऊ देत नाहीत, असे समजते. त्यांना वाचता येत नसल्यास अर्जदार समक्ष जाऊन अर्ज वाचून दाखवील.