दाजींची गाडी

११ जानेवारी
गाडी आली. पांढरी, एवढी चकचकीत की सौ. म्हणाली, नजर लागेल. दाजी स्वतः चालवत बीडहून नांदूरघाटला घेऊन आले. बायपासला त्यांचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे, त्यातलीच. मंगू, माझी बहीण, आली नाही. पोरीची शाळा आहे म्हणे.
बॉनेटवर विभूती, बेलाचं पान. दाजींना टॉवेल-टोपी, नारळ. अण्णांना खुर्चीसकट अंगणात आणलं. लकवा झाल्यापासून वडिलांची डावी बाजू गेली ती गेलीच, उजव्या हातानं त्यांनी गाडीला हात लावला आणि हसले. किती महिन्यांनी. आता आठवड्यातून दोनदा बीडला व्यायामाला न्यायचं, एसटीच्या पायऱ्यांवर त्यांना उचलून चढवायचा त्रास संपला.
शेजारचा बसू म्हणाला, "मिस्त्रीला दाखविली का?" हसून सोडून दिलं. एकुलती एक बहीण दिलीय त्या घरी. तिथं मिस्त्री घेऊन जायचं? भावही केला नाही मी. दाजींनी सांगितला तोच.

१९ जाने.
बीड. अण्णा पुढच्या सीटवर, आख्ख्या रस्त्यानं बाहेर बघत. येताना कपिलधारला वळलो. अण्णांना उतरवणं शक्य नव्हतं, गाडीतूनच हात जोडले. एकच हात, पण जोडला म्हणायचं.
घराजवळ लाल दिवा लागला, इंजिन गरम झाल्याचा. दाजींना फोन. "लावून द्या मेव्हणे, एक दिवसाचं काम हाय."

१ फेब्रु.
एक दिवसाचं काम दहा-बारा दिवसांनी झालं. रेडिएटर नवा टाकला म्हणाले. "आता काश्मीरला जा." दिवा लागत नाही. बसूच्या शेतातला हुरडा पाठवला त्यांच्याकडे, मंगूला आवडतो.

१७ फेब्रु.
नेकनूरच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ. दिवा मात्र लागलाच नाही. अण्णांना बाभळीखाली बसवलं, एका दुकानदारानं खुर्ची दिली. गावातला मिस्त्री आला, आत डोकं घातलं, म्हणाला, "मालक, दिव्याची वायरच काढून ठिवलीय. रेडिएटर जुनाच हाय, वरून काळा रंग मारलाय."
मी म्हणालो, नवा आहे तो. त्यानं नखानं खरवडून दाखवलं.
राग कुणावर काढायचा? अण्णा उन्हात, मान खाली घालून. दाजींना फोन केला तर, "पोरांची चूक झाली आसंल. मी सोता बघतो." सौ. म्हणते, वन्संना काही बोलू नका. मी कुठं बोलतोय.

६ मार्च
गाडी परत आली. या खेपेला ब्रेकही नवे टाकलेत म्हणाले, न सांगता. "म्हातारं माणूस बसतंय ना तुमचं." बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, लिहून ठेवतो.
माझ्या किराणा दुकानात पाव किलो शेंगदाण्यात दोन खवट निघाले तर मी पुडा बदलून देतो. दुसऱ्यालाही तसंच वाटत असेल असं समजतो. वय झालं तरी अक्कल येत नाही.

१८ मार्च
मांजरसुंब्याचा घाट. उतारावर ब्रेकवर पाय दिला तर पाय खाली जातच राहिला. पुढं उसाची ट्रॉली. गियर खाली ओढला, हँडब्रेक, काहीच कळत नव्हतं. रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली होती, तिच्यात घातली. देवानंच.
अण्णांचं कपाळ काचेवर आपटलं. रक्त थोडंच, पण त्यांचा चेहरा. लहान लेकरासारखा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना धरून रस्त्यावरच रडलो. ट्रॉलीवाले पाणी घेऊन आले.
नेकनूरचाच मिस्त्री. या वेळी हळू बोलला. ब्रेकच्या पट्ट्या जुन्याच, घासून बसवलेल्या. आणि गाडी मोठ्या अपघातातली, समोरची सगळी बाजू दुसऱ्या गाडीची कापून जोडलेली. "कुणाकून घेतली?" विचारलं. काय सांगू. म्हणालो, बाजारातून.
घरी आल्यावर मी तोंड सोडलं. दाजींना जे जे म्हणायचं ते सगळं भिंतीला म्हणालो. अण्णांनी उजव्या हातानं माझा शर्ट धरला. त्यांचं बोलणं तुटक येतं. म्हणाले, "मंगू." मग परत, "मंगूला... न्हाई."

२१ मार्च
यार्डात गेलो. गाडी नाही नेली, एसटीनं गेलो.
दाजी खुर्ची पुसून देतात, पाया पडतात, असा माणूस. "मिस्त्र्याचं काय ऐकता मेव्हणे, त्येला धंदा पायजे. अपघात झालेली गाडी मी तुमाला देईन का? अण्णा माझे वडील न्हाईत का?" डोळ्यांत पाणी आणून. ग्राहक मंचात जाईन एवढं म्हणालो, तेही पडक्या आवाजात.
तेवढ्यात मंगू चहा घेऊन आली. घर यार्डाच्या मागेच. कपबशी हातात देताना माझ्याकडे बघितलं नाही. "अण्णा कसे हायत?" जमिनीला विचारलं. बरे आहेत म्हणालो. चहा पिऊन परत आलो. लाज वाटते लिहायला, पण चहा पिऊन परत आलो.

४ एप्रिल
गाडी पत्र्याखाली उभी. अण्णांचा व्यायाम बंद. रिक्षावाला बीडला यायला तयार आहे, पण खड्ड्यांनी त्यांची पाठ धरते. सौ. घरीच हात-पाय चोळते. बोटं पुन्हा आखडायला लागलीत.
बसूचा भाचा वकील आहे. म्हणतो, एक तक्रार टाका, सरळ केस आहे. हो, कायद्यानं सरळ आहे. मंगूला कोण सरळ जगू देईल त्या घरात?

९ मे
मंगू आली सुट्टीला, श्रावणीला घेऊन. बारीक झालीय. पोरगी सहा वर्षांची, अण्णांच्या मांडीवरून उतरत नाही. घर भरल्यासारखं वाटतं. गाडीचा विषय कुणीच काढत नाही. पत्र्याखाली एवढी मोठी वस्तू, आणि सगळे वळसा घालून जातात.

१६ मे
आज जे झालं ते.
मंगू निघाली. दोन बॅगा, कुरडया-पापडांचा डबा, ऊन मी म्हणत होतं. बसूनं ओळखीच्याकडून ब्रेक करून घेतलेत गेल्या आठवड्यात, नवे, माझ्यासमोर बसवलेले. म्हणून म्हणालो, चल, नेकनूरपर्यंत सोडतो, तिथून एसटी मिळेल.
श्रावणी पळत जाऊन पुढच्या सीटवर बसली. मंगू एवढ्या जोरात ओरडली की सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोरीला दंडाला धरून ओढून काढलं. पोरगी रडायला लागली. "एसटीनं जाते मी," म्हणाली.
तेव्हा कळलं मला. हिला माहीत होतं.
विचारलं. मग, "टोचन करून वढत आणलती दादा. पुढचं सगळं चेपलेलं. सीटची कव्हरं मीच धुतली. तीनदा पाणी बदललं."
"मग मला कावून सांगितलं न्हाई?" माझ्याही तोंडात गावाकडची बोली आली.
"कसं सांगू? फोन हातात घेतला की ह्ये समोर. म्हणाले, तुझ्या भावाला स्वस्तात देतोय, तोंड उघडलंस तर तिकडंच ऱ्हा." आणि मग, "तू मिस्त्री आणशील वाटलं व्हतं मला. रोज वाट बघितली मी, दादा मिस्त्री घेऊन यील म्हणून."
मी तिचा मान राखायला मिस्त्री नेला नाही. ती मिस्त्रीची वाट बघत बसली.
स्टँडवर सोडून आलो, चालत. पोरीला कुल्फी घेऊन दिली. मंगूनं खिडकीतून हात केला नाही.

१७ मे
दुकान बंद ठेवलं. अंगात कणकण. रागावू कुणावर हेच कळत नाही. अण्णांना ज्या सीटवर बसवलं त्याची कव्हरं तिनं धुतली. माझी बहीण. तिच्या जागी मी असतो तर? माहीत नाही.
अण्णांना काही सांगितलं नाही. ते दाराकडे बघून दोनदा "मंगू" म्हणाले.

२८ जून
दाजी आले. पेढे घेऊन. म्हणाले, वाईटपणा नको, गाडी परत घेतो, विकली की तुमचे सगळे पैसे देतो. "फकस्त गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, तुमच्या दारात. घरगुती गाडी म्हणून गिऱ्हाईक लवकर येतं. गावात तुमच्या शब्दाला वजन हाय."
म्हणजे माझ्या दारातून, माझ्या तोंडानं. मी काही बोललो नाही. त्यांनी ते होकारात धरलं.

९ जुलै
तलवाड्याहून गिऱ्हाईकाचा फोन. भांड्यांचं दुकान आहे त्याचं. आवाज तरुण. "पाव्हणं म्हणाले गाडी तुमच्या घरातलीच हाय. लहान लेकरं हायत, बायकूला घेऊन येतो बघायला." रविवारी येतो म्हणाला. मागे लेकरू रडत होतं.
तक्रारीचं बसूच्या भाच्याला विचारलं. म्हणाला, आता पैसे मिळतायत तर कशाला?

शनिवार
मंगू आली. एकटी, न कळवता. दाजींनीच बसवून दिलं एसटीत, उद्यासाठी. घरचं माणूस दिसलं पाहिजे ना गिऱ्हाईकाला.
आल्या आल्या अण्णांचे पाय घेऊन बसली. आखडलेली बोटं एकेक करून सरळ करत होती. अण्णा डोळे मिटून. मी दारात उभा. तिच्या मनगटावर हिरवंनिळं पडलंय, बांगड्या वर सरकवून ठेवल्यात. विचारलं तर म्हणाली, बादली लागली.
संध्याकाळी भाकरी थापताना सौ.ला म्हणाली, "वहिनी, दादाला म्हणावं उद्या फकस्त गप बसा. बोलू नका, खोटं बी बोलू नका." मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.
जेवण झाल्यावर अंगणात आली. गाडीकडे पाठ करून उभी राहिली.
"दादा, पंचमीला येऊ ना मी?"
म्हणालो, "ये की. घर तुझंच आहे."
उद्या त्या माणसाला काय सांगणार, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.